करंजगिरीच्या वेशीतला मुराळी

चुडावा गावात लाइट गेली की दिनकररावांच्या गच्चीवर सतरंजी पडते. त्या रात्री त्यांच्या दोन नाती, निकिता आणि वैष्णवी, सुट्टीला आलेल्या होत्या. पोरींचा मामेभाऊ गोपाळही होता. गोपाळनं मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून पोरींना दात दाखवले.

"बंद कर ते," दिनकरराव म्हणाले. "तसंबी लय देखणा दिसत न्हाईस."

पोरी हसल्या. मग वैष्णवी म्हणाली, "आजोबा, भुताची गोष्ट सांगा ना. पण खरी."

"खोटी मला येतच न्हाई. टेशनाच्या रस्त्याला चंद्रप्पाचं दुकान हाय का न्हाई? त्याच्यावर आलेलं सांगतो. त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्यांदा इचारलं तर उठून आत गेला."

"ते लंगडत चालतात ते?"

"तेच. पण गुडघा आधीपासूनच दुखायचा त्याचा. त्याचा आळ भुतावर घालू नगा."

एवढं बोलून त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि सांगायला सुरुवात केली.

सन २०२४ ची नागपंचमी शुक्रवारी होती. ही गोष्ट तिच्या आदल्या बुधवारची, श्रावणातल्या तिजेची. चंद्रप्पा त्या दिवशी सकाळी साडेसातच्या गाडीनं निघाला. काम साधं होतं. थोरल्या भावाची, महारुद्रची मुलगी त्रिवेणी जिंतूरच्या डोंगरात करंजगिरीला दिली होती. तिला सातवा महिना चालू होता. तिला पंचमीला आणि पुढं बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. महारुद्र दिवाळीच्या सुमारास वारला. त्यामुळं मुराळी म्हणून जायला घरात चंद्रप्पाशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"मुराळी म्हणजे लेकीला सासरहून न्यायला जातो तो," दिनकरराव म्हणाले.

"माहिती आहे आजोबा," निकिता म्हणाली. "पण आता सगळ्या आपल्या आपण स्कूटीवर येतात."

"येतेत. करंजगिरीहून नसत्या येत."

निघताना भावजय मल्लम्मानं चंद्रप्पाच्या हातात पिशवी दिली आणि हात सोडलाच नाही. "भावजी, या साली तरी घेऊन या. मागच्या साली पोरीची पहिली पंचमी होती. बॅग भरून दारात बसली होती ती."

चंद्रप्पानं मान खाली घातली. मागच्या साली महारुद्र अंथरुणावर होता. त्यानं भावाला जा म्हणून सांगितलं होतं. चंद्रप्पा जातो म्हणाला, आज जातो, उद्या जातो म्हणाला, आणि दुकान सोडून गेलाच नाही. लेकीची पहिली पंचमी अशीच गेली. त्याबद्दल त्याला कुणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

प्रवासानं त्याला पिळून काढलं. परभणीला गाडी दीड तास उशिरा पोचली. जिंतूरच्या एसटीचं चाक झरीच्या पुढं पंक्चर झालं, तेव्हा सगळे प्रवासी बाभळीखाली उभे राहिले. जिंतुरात काळी-पिवळी भरेपर्यंत चार वाजले. जीपवाला योगीराज बडबड्या होता. चंद्रप्पाची पिशवी बघून म्हणाला, "मुराळी निघालाव आन सामान एवढंच? मला वाटलं दवाखान्यात डबा द्यायला चाललाव."

चंद्रप्पा हसला नाही. त्याच्यात हसण्याएवढाही जीव राहिला नव्हता.

पावणेसातला योगीराजनं त्याला डोंगराच्या पायथ्याशी, फाट्यावर उतरवलं. वर जायला मोटारीचा रस्ता होता, पण त्यावरचा पूल खचला होता. आता उरली ती जुनी दगडी पायवाट. त्या पायवाटेनं शेकडो वर्षं माणसं करंजगिरीला चढत आली आहेत.

गाव जुनं, यादवांच्या काळातलं म्हणतात. डोंगराच्या माथ्यावर तटबंदी होती. ती निम्मी ढासळली, तिच्यात पिंपळ उगवले. खालून बघितलं की बुरूज दिसतात आणि बुरुजांच्या मधून टीव्हीच्या छत्र्या. गोठ्याच्या कुडाला देवळाचा नक्षीदार खांब टेकवलेला. एखाद्या पायरीचा दगड उलटा बघितला तर त्यावर नाचणारी बाई कोरलेली. दुसरा कुणी प्रवासी असता तर थांबून फोटो काढला असता. चंद्रप्पा फक्त पायऱ्या मोजत होता. एकशे चाळीसपर्यंत मोजून त्यानं तेही सोडलं.

वेशीपाशी पोचला तेव्हा साडेसात वाजले होते. तिजेची चंद्रकोर ढगात बुडाली होती. वेस म्हणजे जाड दगडाची मोठी कमान, आणि आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे. डाव्या ओट्यावर तो मटकन बसला. गुडघा ठणकत होता. गावातली घरं अजून तितकीच वर. एक लांब चढ, मग आणखी एक.

त्यानं अंधारात वर बघितलं आणि वैतागून, दमून, हाक मारल्यासारखं बोलून गेला.

"चला गं बाई. न्यायला आलोय. जिला यायचं तिनं या… माझ्यानं आता चढवत न्हाई."

कमानीत त्याचा आवाज घुमायला हवा होता. घुमला नाही.

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "हं."

एवढंच. गोष्ट ऐकताना माणूस हुंकार देतो तसं. चंद्रप्पाला वाटलं, गावातलीच कुणी बाई विसाव्याला बसली असेल. आपलं बोलणं ऐकलं म्हणून तो ओशाळला, पिशवी उचलली आणि चढू लागला.

घर सापडायला वेळ लागला नाही. त्रिवेणीची सासू कमलबाई दारातच होती. "या पावणं, या," म्हणाली आणि पाय धुवायला पाणी घेऊन आली. तिच्या हातात दोन तांबे होते. एक तिनं चंद्रप्पापुढं ठेवला, दुसरा घेऊन तशीच उभी राहिली.

"आन त्या?" तिनं विचारलं.

"कोण त्या?"

कमलबाईनं त्याच्या खांद्यावरून मागं अंगणात बघितलं. मग दुसरा तांबा तुळशीत ओतला आणि आत गेली.

त्रिवेणी स्वयंपाकघरातून जड पावलांनी बाहेर आली. चेहरा भरला होता, डोळे मात्र बापासारखेच. वाकून पाया पडायला निघाली तर चंद्रप्पानं अडवलं.

"या साली आलाव की काका! मला वाटलं, लेकरू शाळेत घातल्यावर येताव."

"बोल, बोल. तुला हक हाय."

"बोलायले कुठं? गंमत केली." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. भिंतीशी तिची बॅग भरून ठेवलेली होती, वर पाण्याची बाटलीसुद्धा. सकाळी उजेडात हळूहळू उतरायचं असं ठरलं. जावई मंगेश फाट्यापर्यंत सोडायला येणार होता.

भाकरी, मुगाचं वरण, शेंगदाण्याची चटणी. चंद्रप्पा चार घास जेवला आणि खांबाला टेकून पेंगू लागला.

नऊ वाजता आतून त्रिवेणीचा आवाज आला.

पोट दगडासारखं कडक झालं होतं. अंगाला दरदरून घाम, आणि हातपाय बर्फासारखे गार. "बाळ हालंना," ती म्हणत होती. "मघापासून हालंना, आई." मंगेशनं धावत जाऊन छतावरून फोन लावला. जिंतूरहून अँब्युलन्सची गाडी निघाली, पण फाट्यावर यायला दोन तास तरी लागतील म्हणाले. त्यानं शेजारची माणसं उठवली, बाज काढली, दोऱ्या शोधू लागला. बाजेवर घालून उतरवायचं तरी ओल्या पायऱ्या, काळोख. जो तो एकमेकांकडं बघत होता.

कमलबाई चंद्रप्पाला बाहेर ओसरीवर घेऊन आली. आवाज अगदी खाली होता.

"वेशीत काय बोललाव तुमी?"

"मी? काय न्हाई…"

"नाव घेतलंव का? त्रिवेणीला न्यायला आलो, असं मनलाव का?"

चंद्रप्पा आठवू लागला. बोललेलं सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

कमलबाई खाली बसली. "इथं मुराळ्यानं घरापतुर यायचं असतंय, आन नाव घेऊन न्यायचं असतंय. वेशीतून हाक मारून कुणी नेत न्हाई. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. कोण्या काळात वेढा पडला, वेशी बंद झाल्या. पंचमीचे मुराळी आले ते खालीच राहिले, मारले गेले. एक लेक त्या वेशीत बसून राहिली मनतेत. कोणाची, कुठली, कुणाला ठाव न्हाई. तिला कुणी बोलवलंच न्हाई कधी. तुमी बोलवलं."

"मग आता?"

"एका मुराळ्यासंगं एकच लेक निघती, पावणं. ती निघाल्याबिगर माझी सून निघायची न्हाई."

आतून त्रिवेणी कण्हली.

"तुमीच तिला न्या," कमलबाई म्हणाली. "काही करायचं न्हाई. मुराळी करतो तेच करा. पुढं चालायचं आन माहेरचं सांगत न्यायचं. गप राहू नगा. गप राहिलाव की ती बसंल. वाटंत बसली तर पुन्हा तुमच्यानं उठायची न्हाई."

"कुठवर नेऊ?"

"तिचं माहेर येईस्तोवर."

"कुठं हाय ते?"

कमलबाई उठून आत गेली. ओंजळभर तांदूळ आणले आणि उंबऱ्याबाहेर, अंधारात, ओटी भरतात तसे सोडले.

तांदूळ फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.

मंगेशला सांगितलं की काका गाडी बघायला खाली चाललेत. दहाला दहा कमी होते. चंद्रप्पानं काठी घेतली, एका हातात टॉर्च. सकाळपासून त्याच्या पायात गोळे आले होते, आणि आता तीच सगळी वाट पुन्हा. वेशीत ती पुन्हा ओट्यावर बसू नये म्हणून तो न थांबता म्हणाला, "चल, बाई."

पहिल्या काही पायऱ्या तो काहीबाही बोलला. गाडीला उशीर होतो हल्ली. सोयाबीन बरं आहे. पूर्णेच्या बाजूला पाऊस झाला.

"हं," मागून आलं.

चार पायऱ्या मागून. बाईचा आवाज. कंटाळलेला नाही, रागावलेला नाही. ऐकणारा.

तो बोलत राहिला. मल्लम्मा बरी आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं तिचं. परसात पत्रे टाकले. शेजारच्या चव्हाणांची पोर नांदेडला दिली.

"हं."

गाय… गाय विकली. कधी विकली ते त्याला आठवेना. अंगणातलं निंबाचं झाड आहे का तोडलं, तेही आठवेना. भिंतीला भिंत लागून भावाचं घर, आणि तो किती दिवसांत त्या घरात जाऊन बसला नव्हता! सांगायला काही उरलंच नाही. दमलेल्या डोक्यात दुकान होतं, पोती होती, शटर होतं. माहेर नव्हतं.

"आन… आन मग…"

तो गप झाला.

मागची चाहूल थांबली.

खिशात फोन वाजला. मंगेश. "काका, लय वाढलं हो! गाडी दिसायली का? ती… ती बोलंना आता."

"येईल," चंद्रप्पा म्हणाला. फोन ठेवला. मागं काहीच नव्हतं. पाऊल नाही. श्वास नाही. कुणीतरी पायरीवर बसलंय, एवढंच कळत होतं.

मग त्यानं खोटंनाटं जुळवणं सोडलं. जे होतं ते बोलला.

"मागच्या साली मी आलो न्हाई. पंचमीला. दुकान होतं, ते निमित्त. खरं सांगायचं तर कटाळा केला. एवढा लांबचा रस्ता… मनलं, पुढच्या साली जाऊ. तू बॅग भरून बसली होतीस. मला ठाव होतं. तरी आलो न्हाई."

त्यानं काठी पुढच्या पायरीवर टेकली.

"हं."

अगदी खांद्याशी.

मानेवर गारवा आला. चंद्रप्पा चालू लागला. गुडघा वाकेना. तो कडेकडेनं, बसत उठत, उतरत राहिला आणि बोलत राहिला. आवाज बसत चालला.

"तुझा बाप… अंथरुणावर होता. दारात कुणाचं पाऊल वाजलं की मान वळवायचा. विचारायचा. आली का."

"हं."

"मी मनायचो, येईल. रोज. मनायचो येईल…"

"हं."

"रात्री झोपंत उठायचा. दिवा लावा मनायचा. पोरीला अंधारात दिसणार न्हाई मनायचा."

…

"गेला त्या दिवशी बी… विचारलं त्यानं. आली का."

…

"तुझीच वाट बघत होता. माय बी तुझीच बघायलीय. दार उघडं हाय, बाई. जा."

मागून काही आलं नाही.

तो उभा राहिला. पायाखाली पायरी नव्हती, डांबर होतं. फाटा आला होता. टॉर्च विझलेला. कधी विझला, माहीत नाही. रातकिडे ओरडत होते. ते मघापासून ओरडत नव्हते, हे त्याला आत्ता कळलं.

त्यानं मागं बघितलं. पायवाट. तिच्यावर कुणी नाही.

पंधरा मिनिटांनी जिंतूरच्या बाजूनं गाडीचे दिवे आले. चालकानं काच खाली केली. त्याच वेळी मंगेशचा फोन आला. तो रडत होता की हसत होता, चंद्रप्पाला समजलं नाही. "काका, बाळ हाललं! साडेअकराला हाललं. लाथा मारायलंय. त्रिवेणी पाणी मागायली, भूक लागली मनायली."

चंद्रप्पानं चालकाला थांबायला सांगितलं. मग काठी टेकली आणि पुन्हा चढायला लागला. चालक म्हणाला, काका, तुम्ही कशाला, त्यांना सांगा फोनवर. चंद्रप्पा म्हणाला, "न्हाई. घरापतुर जाऊन न्यायचं असतंय."

दोन तासांनी तो दारात पोचला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "महारुद्रची लेक त्रिवेणी, तिला न्यायला आलो." मग मात्र तो ओसरीवरच आडवा झाला. उजाडल्यावर मंगेशनं बायकोला एकेक पायरी करत उतरवलं. जिंतुरात दाखवलं, सगळं नीट होतं. गुरुवारी दिवेलागणीला मल्लम्मानं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला घरात घेतलं.

दिनकरराव थांबले. खाली गल्लीत एक कुत्रं उगीच उठलं, दोन पावलं चाललं आणि पुन्हा बसलं.

"संपली?" गोपाळनं विचारलं. त्यानं मोबाईल कधीच खिशात घातला होता.

"पोरगी झाली तिला. चांगली हाय. पुढच्या पंचमीला बी त्रिवेणी आली, आन आणायला चंद्रप्पाच गेला. मल्लम्मा मनली, जावई आणून सोडतेल, तर ऐकलं न्हाई."

"आणि ती?" वैष्णवीनं विचारलं. "ती कुठं गेली?"

"ते चंद्रप्पाला ठाव न्हाई, तर मला कसं ठाव असंल?" दिनकररावांनी मांडी बदलली. "पंचमीच्या दिवशी सकाळी तो उठला आन तोंड धुवायला बसला. उजव्या हाताच्या करंगळीला मेंदी लावलेली. नखावर, आन पहिल्या पेरापतुर. नीट, गोल. महारुद्र गेल्याचं वरीस, मल्लम्मानं घरात मेंदी भिजवलीच न्हवती. त्रिवेणीचे दोन्ही हात कोरे."

वैष्णवीनं पाय जवळ ओढून घेतले.

"आजोबा," निकिता हळूच म्हणाली, "करंगळीला तर बहीण लावते. पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास धरला की."

"हौ."

"मग त्यांची बहीण असेल कुणीतरी…"

"चंद्रप्पाला बहीण न्हाई. सख्खी न्हाई, चुलत न्हाई." ते उठले आणि अंधारात पायानं चप्पल चाचपू लागले. "परवा दुकानात त्यानं मला साखरेची पुडी बांधून दिली. तवा बघितलं. दुसरं वरीस चाललंय. नख वाढतंय, तो कापतोय, पुन्हा वाढतंय… मेंदी हाय तिथंच हाय."